आधी कथा, मग डबा

सुकन्याक्कांच्या हातची शेंगाचटणी ज्याने एकदा खाल्ली, तो त्यांच्याविषयी वाकडं बोलत नसे. गल्लीत, नात्यात, जिथे त्यांनी जन्मभर नोकरी केली त्या शाळेच्या कचेरीत, सगळीकडे त्यांचं नाव चांगलं होतं. या चांगल्या नावाचा त्यांना एकाच ठिकाणी जाच झाला. त्या कथा लिहायच्या, आणि त्यांच्या कथेलाही कुणी वाईट म्हणत नसे.

आता यात जाच कसला, असं कुणालाही वाटेल. पण अक्का कॉन्व्हेंटात शिकलेल्या. घरात कानडी, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत त्या वाढल्या. शाळेत निबंध तपासायला सिस्टर बेनेडिक्टा होत्या. त्यांच्या हातून वही परत आली की पान लाल शाईने भरलेलं असायचं. इंग्रजीत ‘बाग फार छान होती’ असं लिहिलं की सिस्टर ‘छान’भोवती गोल काढायच्या आणि बाजूला लिहायच्या, म्हणजे कशी? मुली रडायच्या. सुकन्या मात्र ती लाल पानं घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचायची. कुणीतरी आपलं लिहिणं इतकं डोळ्यांत तेल घालून वाचलं, याचंच तिला अप्रूप वाटायचं. त्याच वर्षी तिने रोजनिशी लिहायला घेतली, ती आजतागायत चालू आहे. कथा पुढे आल्या, लग्नानंतर, आणि मराठीत आल्या. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. हिशेब कानडीत करावा, अर्ज इंग्रजीत लिहावा आणि गोष्ट मराठीत सांगावी, असं त्यांच्या डोक्यात आपोआप ठरून गेलं होतं.

नवरा, गुरुबसप्पा, सूतगिरणीत स्टोअरकीपर होता. मोजकं बोलणारा, भरपूर जेवणारा माणूस. नवी कथा झाली की रविवारी दुपारी तो पाटावर बसायचा आणि अक्का समोर बसून, एका हाताने वाढत, दुसऱ्या हातात कागद धरून वाचायच्या. त्याची एक सवय त्यांना मुळीच आवडत नसे. कथा रंगात आली असं त्यांना वाटावं, आणि नेमकं तेव्हाच त्याने ताटाकडे बघत म्हणावं, “जरा चटणी वाढ.”

एकदा तर त्या चिडल्याच होत्या. कथेतली बायको नवऱ्याच्या आजारपणात उशाशी बसली आहे, दोन पानं तिच्या मनातले विचार चालले आहेत, आणि तुम्हाला चटणी सुचते?

“बसू दे की तिला,” गुरुबसप्पा शांतपणे म्हणाला होता. “ती कुठं जातीय? तू चटणी वाढ.”

कथा संपली की तो हात धुवून यायचा आणि म्हणायचा, छान आहे. सगळ्या कथांना हाच एक शेरा. मासिकांकडून, दिवाळी अंकांकडून त्या कथा परत यायच्या. पुढे ई-मेलचे दिवस आले तेव्हा परत यायच्याही बंद झाल्या, नुसतं उत्तरच यायचं नाही. अक्का फाइलीत कागद लावून ठेवायच्या आणि पुढची कथा लिहायला घ्यायच्या.

गुरुबसप्पा गेला, आणि त्यानंतर वर्षभर त्यांनी रोजनिशीखेरीज काही लिहिलं नाही. ऐकणारं कुणी नाही तर गोष्ट कुणासाठी सांगायची? मग वाचनालयातल्या पाटीवर त्यांनी रविवार कथा मंडळाची सूचना वाचली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी, वरच्या खोलीत. ज्याची पाळी असेल त्याने आपली कथा वाचायची, बाकीच्यांनी मत द्यायचं.

मंडळ लहानसं होतं. कारभार अभिमन्यूकाका बघायचे. ते मूळचे मंगळवेढ्याचे, एसटीत कंट्रोलर होऊन निवृत्त झालेले; गावाकडच्या विनोदी कथा लिहायचे आणि स्वतःच आधी हसायचे. कमलम्मा पद्मशाली विणकर घरातल्या. मुलांचे टॉवेलचे माग आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होते, पण त्याआधी ते घरातच होते, त्यामुळे खडखडाटावरून बोलायची सवय लागून त्यांचं कुजबुजणंसुद्धा जिन्याखाली ऐकू जायचं. त्या स्वतः काही लिहीत नसत. ऐकायला येतात, असं उघड सांगायच्या. आणि मनाली, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, भुताखेताच्या कथा लिहिणारी, वयाने सगळ्यांत लहान आणि बोलायला सगळ्यांत फटकळ. आणखी दोघे-चौघे अधूनमधून यायचे. पण खोली भरायची ती या तिघांनीच.

मंडळाची एक रीत होती. ज्याची वाचनाची पाळी, त्याने खाऊ आणायचा. चहा वाचनालयाच्या शेजारच्या टपरीवरून यायचा. मंडळी जमली की आधी डबे उघडायचे, खाणं व्हायचं, हात पुसून झाले की वाचन सुरू. भरल्या पोटी चित्त थाऱ्यावर राहतं, असं अभिमन्यूकाकांचं म्हणणं होतं आणि त्याला कुणाची हरकत नव्हती.

अक्कांची पाळी आली की त्या सकाळपासून स्वयंपाकघरात असायच्या. कडक भाकऱ्या, तेलात भिजलेली शेंगाचटणी, दही, कधी शेंगापोळ्या, आणि श्रावणात गव्हाची खीर, तिला त्या हुग्गी म्हणायच्या. मंडळी जेवायची, बोटं चाटायची, मग कथा ऐकायची. कथा संपली की अभिमन्यूकाका म्हणायचे, “अक्का, लई गुणाची कथा हाय की.” कमलम्मा मान डोलवायच्या. फटकळ मनालीसुद्धा म्हणायची, मावशी, मस्त. अक्का घरी येऊन रोजनिशीत तेवढंच लिहायच्या, आणि लिहिताना त्यांना सिस्टरांचा लाल गोल दिसायचा. म्हणजे कशी?

यंदा जानेवारीत मनालीची पाळी होती. तिची ड्यूटी लांबली, ती धापा टाकत आली आणि तिने पिशवीतून बिस्किटांचे दोन पुडे काढून टेबलावर ठेवले. अभिमन्यूकाकांनी एक बिस्किट उचलून दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. मनालीने कथा वाचली. बंद पडलेल्या गिरणीच्या भोंग्याची, चांगली अंगावर काटा आणणारी कथा होती. आणि मग मंडळी तिच्यावर तुटून पडली. भूत फार लवकर दिसतं. पहारेकरी शहाणा आहे तर एकटा आत जातो कशाला? मधलं पावसाचं वर्णन आम्हाला काय करायचं? मनाली भांडली, एकदा तर कागद पर्समध्ये कोंबून निघालीच होती. पण पुढच्या महिन्यात तिने सांगितलं, की सगळं पुन्हा लिहिलं, आणि एका मासिकाने कथा घेतली.

त्या रविवारी अक्का रिक्षातून घरी चालल्या होत्या. सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि तिथेच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मनालीची कथा वाईट नव्हती. अक्कांच्या कथांपेक्षा तर सरसच होती. तरी तिला बोलणी बसली, आणि अक्कांना कधीच नाही. फरक होता तो डब्यातला. चटणीभाकरी खाऊन उठलेला माणूस, बाई तुझं दुसरं पान कंटाळवाणं आहे, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? ज्यांच्याकडून खरं ऐकायचं, त्यांचीच तोंडं त्या इतके दिवस चटणीने बंद करत आल्या होत्या. अक्का एकट्याच हसल्या. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

मार्चमध्ये त्यांची पाळी होती. कथा तयार होती, आणि ती साधी कथा नव्हती. गुरुबसप्पाच्या हयातीत लिहिलेली, त्यालाही वाचून दाखवलेली, नंतर कितीदा तरी दुरुस्त केलेली. सगळ्या कथांत त्यांचा जीव हिच्यावर जास्त होता. दोन जावा, मधे एक भिंत, वर्षानुवर्षं एकमेकींशी अबोला. पण नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड, कधी पहाटे, कधी भर दुपारी, त्याचा नेम नाही. ज्या जावेला आधी चाहूल लागते, ती मधल्या भिंतीवर लाटण्याने तीन ठोके देते. बोलणं नाही, पण दुसरीचे हंडे रिकामे राहिले असं कधी झालं नाही. ही कथा जर खरोखर बरी नसेल, तर आपल्याला कथा लिहिता येत नाही, असं अक्कांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मग फाइल बांधून माळ्यावर टाकायची, रोजनिशी तेवढी पुरे.

त्या रविवारी सकाळी त्यांनी काहीच केलं नाही. हे न करणं फार जड गेलं. दोनदा त्या शेंगदाण्याच्या डब्यापर्यंत जाऊन परत आल्या. निघताना हातात नुसती कागदांची पिशवी, तेव्हा आपण अनवाणी बाहेर पडलोय असं त्यांना वाटत होतं.

वरच्या खोलीत मंडळी जमली होती. अभिमन्यूकाकांनी आल्या आल्या त्यांच्या हातांकडे बघितलं, मग पाठीमागे जिन्याकडे बघितलं.

“डबा रिक्षात ऱ्हायला का काय अक्का? जाऊन आनू का मी?”

“डबा आणलाच नाही,” अक्का म्हणाल्या. “आज आधी कथा.”

काका दुपारचं जेवण टाळून आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. कमलम्मांनी, त्यांच्या मते हळूच, मनालीला विचारलं की अक्कांच्या घरी सगळं ठीक आहे ना. अक्कांनी ऐकलं, जिन्याखालच्या चहावाल्यानेही ऐकलं असेल. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

वाचून झालं. सवयीने काकांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, छान हाय.

“काका,” अक्का म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याने मला जन्मभर छान म्हटलं. ते मला पुरलंय. तुम्ही दुसरं काही सांगा.”

अक्कांनी पेन काढलं, कोरा कागद मांडीवर घेतला आणि वाट बघत बसल्या. शेवटी काकांनाच दम धरवेना.

“बोलू का? रागवायचं न्हाय. पयल्या दोन पानांत तुमी आख्खं खानदान आनून बसवलं. सासऱ्याचा भाऊ कुटं दिला, नणंद कुटं दिली. गाडी स्टँडवरनंच हलंना. माझी नजर सारखी त्या लाटन्याकडं, आन् लाटनं येतंय पाचव्या पानावर.”

अक्कांनी लिहून घेतलं. मग मनाली सरसावली. शेवटाला दोघी जावा गळ्यात पडून रडतात, ते तिला मुळीच पटलं नव्हतं. भिंतीवरचा ठोका ऐकला तेव्हाच तिच्या अंगावर शहारा आला होता; त्यानंतर सगळं पुन्हा समजावून सांगितल्यासारखं झालं. मावशी, ते शेवटचं पान फाडा, असं ती सरळ म्हणाली, आणि फाडा म्हणताना तिने हातानेही करून दाखवलं. त्या पानासाठी अक्का एकदा स्वतः रडल्या होत्या. पण त्यांनी तेही लिहून घेतलं.

कमलम्मा इतका वेळ गप्प होत्या. त्या गप्प आहेत हेच नवल होतं. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं.

“मला लिहिण्यातलं काही कळत नाही,” कमलम्मा म्हणाल्या. “पण सुकन्याक्का, या दोघी बोलत का नाहीत?”

गैरसमज झाला असं लिहिलंय की, अक्का म्हणाल्या.

“गैरसमज चार दिवस टिकतो. इतकी वर्षं बाई बोलत नाही म्हणजे दुसरीनं काहीतरी केलेलं असतं. तुमच्या दोघीपण चांगल्या. थोरली चांगली, धाकटी त्याहून चांगली. मग अबोला कशाचा?” त्यांनी जरा विचार केला. “तुमच्या घरी जेवायला बसलं की ताट रिकामं व्हायच्या आत तुम्ही वाढता. कथेतपण तसंच करता. सगळ्यांना पोटभर. मागून घ्यायला काही ठेवतच नाही.”

अक्कांचं पेन थांबलं. हे लिहून घ्यायची गरज नव्हती.

घरी आल्यावर त्यांना आधी राग आला. आयुष्यभर माणसांना जेवू घातलं, त्याचा हा असा दाखला! त्या रागातच त्यांनी स्वतःपुरती खिचडी टाकली. जेवायला बसल्या, चटणीची बरणी पुढे ओढली, आणि चमचा हातात तसाच राहिला.

ही कथा त्यांनी गुरुबसप्पाला वाचून दाखवली होती तो रविवार त्यांना आठवला. सासऱ्याचा भाऊ आणि नणंद चालू असताना त्याने चटणी मागितली होती. आणि शेवटाला, जावा गळ्यात पडल्या तेव्हा? तेव्हा त्याने ताक मागितलं होतं. त्या किती चिडल्या होत्या! आणि मधे, लाटण्याच्या ठोक्याला? त्यांनी आठवून आठवून पाहिलं. तेव्हा त्याने काही मागितलं नव्हतं. घास हातात धरून तो त्यांच्याकडे बघत होता.

आता ते सगळं कथेमुळे होतं की त्याला नुसती चटणी आवडायची, हे विचारायला तो नव्हता. आजारी नवऱ्याच्या उशाशी बसलेली ती दुसऱ्या कथेतली बायको त्यांना आठवली. दोन पानं जागची हलली नव्हती. ‘ती कुठं जातीय?’ असं त्याने विचारलं होतं. अक्का पुन्हा एकट्याच हसल्या, यावेळी जरा मोठ्याने.

पुढचे दिवस त्यांनी कथेसोबत काढले. खानदान काढून टाकायला एक सकाळ पुरली. शेवटचं पान त्यांनी फाडलं नाही. घडी करून बाजूला ठेवलं आणि मग त्याच्याकडे बघितलं नाही. अवघड होतं ते थोरलीला वाईट करणं. तिच्या हातून काय झालं असेल? भांड्यावरून, दागिन्यावरून भांडणं लावून पाहिली. एकही खरं वाटेना. कमलम्मांचं बोलणं डोक्यात घोळत होतं, आणि एका दुपारी पोळी लाटता लाटता त्यांना ते सापडलं.

थोरलीच्या मुलीला बघायला पाहुणे आले आहेत. धाकटी पुरणपोळ्या लाटते आहे. फोन थोरली उचलते: जेऊरला, माहेरी, धाकटीची आई वारली. पाहुणे ताटावर बसलेत, तवा तापलेला आहे. थोरली फोन ठेवते आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणते, अजून चार लागतील. पाहुण्यांनी हात धुतल्यावर, लग्न ठरल्यावर, ती सांगते. तोवर जेऊरकडे जाणारी दुपारची गाडी निघून गेलेली असते. धाकटी पोचते तेव्हा आईला नेलेलं असतं, अंगणात नुसतं पाणी टाकलेलं असतं.

हे लिहून झाल्यावर अक्का ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. थोरली वाईट होती का? त्यांना सांगता येईना. तिच्या जागी आपण असतो तर, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि त्याचं उत्तर कथेत घातलं नाही.

मेच्या पहिल्या रविवारी त्यांनी काकांकडून पुन्हा पाळी मागून घेतली. या खेपेला हातात डबा होता, चांगला चार कप्प्यांचा. तो त्यांनी खिडकीत ठेवला, झाकणावर स्वतःची पर्स ठेवली आणि म्हणाल्या, “आधी कथा, मग डबा. कथा नाही आवडली तरी डबा मिळणार आहे, तेव्हा घाबरून बोलू नका.”

अभिमन्यूकाकांनी एक लांब श्वास घेतला आणि हाताची घडी घातली.

वाचताना अक्कांनी मान वर केली नाही. कथा आता निम्म्याहून लहान झाली होती. अबोल्याला कितीतरी वर्षं झाली आहेत, थोरली आता एकटी आहे, पहाटे नळ वाजतो, ती उठते, आपला हंडा लावायच्या आधी लाटणं घेते आणि भिंतीवर तीन ठोके देते. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग एक ठोका. तिथेच त्यांनी कागद खाली ठेवला.

कुणी छान म्हटलं नाही.

“पन मला सांगा,” काका एकदम म्हणाले, “सांगितलं कसं न्हाय वो तिनं? आई गेली आन् ही बाई पोळ्या लाटून घेते? असल्या बाईला मी पाण्याचा थेंब दिला नसता.”

“तुम्हाला पोरगी उजवायची होती का?” कमलम्मांचा आवाज खिडकीबाहेर गेला. “पाहुणे ताटावर बसलेत. बाई काय करणार? गेलेली आई परत येणार होती का?”

“गाडी तर मिळाली असती,” मनाली म्हणाली. तिचे डोळे ओले होते आणि त्याचाच तिला राग आला होता. “तोंड तरी बघायला मिळालं असतं. कमलम्मा, तुम्ही थोरलीची बाजू घेताय?”

कमलम्मा म्हणाल्या, घेते. तुझ्या घरी लेक उजवायची झाली की तूपण घेशील. काका म्हणाले, मंगळवेढ्यात असली बाई त्यांनी डोळ्यांनी बघितली आहे आणि ती शेवटपर्यंत सुधारली नव्हती. मनालीने विचारलं, मग तो शेवटचा ठोका धाकटीने दिला कशाला? माफ केलं म्हणून, की नुसतं पाणी आल्याचं कळलं म्हणून? यावर तिघांची तीन मतं झाली. तिघंही अक्कांकडे वळली.

अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं. घडी केलेलं एक पानभर उत्तर घरी तयार होतं.

“मला काय माहीत,” त्या म्हणाल्या. “मी भिंतीच्या अलीकडे होते.”

काका म्हणाले, ही बरी पळवाट हाय. आणि भांडण पुन्हा सुरू झालं. दोन जावा जणू समोरच्याच बोळात राहत होत्या आणि आज संध्याकाळी या तिघांना त्यांच्या घरी जायचं होतं. खिडकीतल्या डब्याची कुणालाच आठवण नव्हती. अक्का ऐकत बसल्या. कागद मांडीवर होता, पेन हातात होतं, पण लिहून घेण्यासारखं त्यांना काही सापडत नव्हतं. कथा दिवाळी अंकाकडे पाठवायची होतीच. पाठवतील, आणि उत्तर यायचं तेव्हा येईल. फाइल माळ्यावर जाणार नव्हती, एवढं त्यांच्यापुरतं ठरलं होतं.

टपरीवरून चहा आला तेव्हा अक्का उठल्या, पर्स बाजूला केली आणि डब्याचे कप्पे मांडले. भाकरी कुडकुडीत होती, चटणीवर तेल सुटलं होतं. खाता खाताही कमलम्मा आणि मनाली थोरलीवरून भांडतच होत्या. अक्कांना राहवलं नाही. थोरलीच्या लग्नात काय झालं होतं, ते त्यांनी सांगायला घेतलं. कथेत घातलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं. दोन वाक्यं झाली असतील.

अभिमन्यूकाकांनी ताटली पुढे केली. “अक्का, जरा चटणी वाढा की.”

अक्का बोलायच्या थांबल्या. त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. तिथे भुकेखेरीज काही दिसत नव्हतं; पण गुरुबसप्पाच्या चेहऱ्यावरही दुसरं काही दिसायचं नाही. थोरलीचं लग्न त्यांनी तिथेच सोडून दिलं आणि चटणी वाढली, चांगली दोन चमचे.